पन्हाळा-पावनखिंड असो नाहीतर नेपाळ, आधी मुक्काम ठरवा मग किलोमीटर मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४८, वहिनी ४५, दोघंही कोल्हापुरात, रोज सकाळी रंकाळ्याला चालायची सवय. तंबू, स्टोव्ह, चार दिवसांचं रेशन पाठीवर न घेता पाच-सात दिवस सलग चालायचंय आणि रोज रात्री डोक्यावर छप्पर आणि गरम जेवण पाहिजे. पन्हाळ्यावरून विशाळगडाला जायचं मनात आहे, वाटेत लॉज मिळतील का, आणि नसतील तर सरळ नेपाळला नाहीतर युरोपला जावं का, आणि सगळ्यात शेवटी, दिवाळीच्या सुट्टीत जमेल का.

पहिल्या भागाचं उत्तर लगेच देऊन टाकतो. पन्हाळ्यावर हॉटेलं भरपूर, मलकापूरला लॉज, आंबा गावाला रिसॉर्ट आणि होमस्टे, पण मधल्या वाटेवर लॉज म्हणावं असं काही नाही. तरी झोपायची सोय होते, चांगली होते, फक्त ती बुकिंगच्या ॲपवर दिसत नाही. बरीच वर्षं माणसं घेऊन या वाटेनं जातोय, शिवाय अधूनमधून हिमालयात, त्यामुळं खाली जे लिहितोय ते बऱ्यापैकी वापरून बघितलेलं आहे.

खरा घोळ कुठं होतो सांगतो. लोक आधी किलोमीटर मोजतात, रोज २०-२५ चालू म्हणून भागाकार करतात, आणि जिथं दिवस संपेल तिथं राहायला काय मिळतंय ते शोधायला लागतात. हे उलटं करायला पाहिजे. आधी कुठं कुठं झोपता येतंय ती ठिकाणं नकाशावर टाकायची आणि मग दोन ठिकाणांमधलं अंतर आपल्याला झेपतंय का बघायचं. कधी १२ किलोमीटरचा दिवस होतो कधी २२ चा, होऊ दे की. पाय एखाद्या दिवशी कुरकुरले तर चालतंय, पण अंधारात पावसात दोघांनी एखाद्या वाडीवर जाऊन दार वाजवायचं म्हणजे तुम्हालाही अवघड आणि त्या घरच्यांनाही.

दुसरी गोष्ट, राहायची सोय ही वाट किती भारी आहे त्यावर ठरत नाही, त्या वाटेनं वर्षातले किती दिवस माणूस जातोय त्यावर ठरते. पन्हाळा-पावनखिंडला जुलैमध्ये हजारोंनी पोरं येतात, १२-१३ जुलै १६६० च्या आठवणीत, शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निघाले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली ती रात्र, आणि त्या दिवसांत वाटेवरच्या प्रत्येक वाडीत चहा-वडापावचे स्टॉल लागलेले असतात. पण हे वर्षातले मोजके दिवस. उरलेलं वर्ष त्या वाटेवर गुरं राखणारे आणि शाळेची पोरं सोडली तर फारसं कोण नसतं. मग कोण कशाला लॉज बांधेल?

पूर्वी सोय होती, कारण माणूस होता. राजापूर बंदरातला माल अणस्कुऱ्यानं वर यायचा, तसंच आंबा, भुईबावडा, फोंडा, सगळ्या घाटांतनं बैलांचे तांडे चालायचे आणि त्यांना रोज रात्री थांबावंच लागायचं, म्हणून पाण्याची टाकी, धर्मशाळा, देवळाच्या ओसऱ्या असं सगळं त्या हिशोबानं एकेका दिवसाच्या टप्प्यावर असायचं. गाडीरस्ता झाला, ट्रक दोन तासांत घाट उतरायला लागला, थांबायची गरजच संपली. नेपाळमध्ये काली गंडकीच्या खोऱ्यात असाच मिठाचा व्यापार चालायचा, थकाली लोकांच्या घरातल्या बायका वाटसरूंसाठी भट्ट्या, म्हणजे जेवणा-झोपण्याची घरं चालवायच्या. तिथं रस्ता उशिरा पोचला आणि त्याच्या आधी ट्रेकर पोचले, त्यामुळं ती पद्धत मोडली नाही, तिचेच लॉज झाले. आपल्याकडं मधे बरीच दशकं रिकामी गेली.

आता काय काय कशावर अवलंबून आहे ते. महिना, वार, तुम्ही किती जण, आणि संडास-बाथरूमच्या बाबतीत तुमची तयारी किती. शेवटचा मुद्दा लोक लाजून विचारत नाहीत आणि मग तिथं गेल्यावर चेहरे पडतात. वाड्यांवर आता बहुतेक घरांना संडास आहे पण तो घराबाहेर, परड्यात असतो, लाईट असेलच असं नाही, पाणी बादलीनं न्यायचं. वहिनींना हे चालणार असेल तर पुढचं वाचा, नसेल तर थेट खाली समुद्राच्या भागावर जा, तिथं तुमचं काम होईल.

पन्हाळा ते पावनखिंड साधारण ५० किलोमीटरच्या वर होतंय. ग्रुपवाले दोन दिवसांत करतात, पहिल्या दिवशी मसाई पठार ओलांडून कुंभारवाडी, खोतवाडी, मंडलाईवाडी करत करपेवाडी किंवा आंबेवाडीला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरपाणी आणि पावनखिंड. विशीतल्या पोरांना ठीक आहे. तुम्ही ते तीन दिवसांत करा. पहिला मुक्काम खोतवाडी-मंडलाईवाडीच्या आसपास, दुसरा माळेवाडी-पाटेवाडीच्या आसपास, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पावनखिंड आणि संध्याकाळी गाडीनं आंब्याला जाऊन गरम पाण्यानं आंघोळ. आसपास असं मुद्दाम म्हणतोय, कारण कुठल्या वाडीत कोण घर देतंय हे दरवर्षी बदलतं. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणी मुंबईला पोराकडं गेलेलं असतं.

विशाळगड यात मुद्दाम धरला नाही. पावनखिंडीपासून पुढं अजून चांगलं अंतर आहे आणि ते बरंचसं डांबरी रस्त्यानं आहे, आणि गडावर जायच्या-थांबायच्या बाबतीत प्रशासनाचे नियम वेळोवेळी बदलत असतात. जायचं तर दिवसा जाऊन खाली यायचं, वर मुक्काम धरून प्लॅन करू नका.

घर कसं शोधायचं? सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एक रविवार मोकळा काढा आणि दोघं बाईकवर त्या वाड्या फिरून या. आता जवळजवळ प्रत्येक वाडीला रस्ता गेलाय, खराब असेल पण गेलाय. देवळापाशी गाडी लावायची, पोलीस पाटील नाहीतर आशा ताईंचं घर विचारायचं, कारण सगळ्या गावाची खबर या दोघांकडं असते, आणि सरळ सांगायचं की आम्ही नवरा-बायको चालत येणार आहे, एक रात्र राहायचंय, जेवायचंय, पैसे देणार आहे. दोघं नवरा-बायको म्हटल्यावर घरं पटकन उघडतात, हे अनुभवानं सांगतो. पंचवीस पोरांच्या ग्रुपला जे घर नाही म्हणतं ते तुम्हाला हो म्हणेल. नंबर घेताना दोन घरांचे घ्या आणि रेंज कुठल्या कंपनीची येते तेही विचारून ठेवा. निघायच्या आदल्या दिवशी एक फोन आणि त्या दिवशी दुपारी, रेंज मिळेल तिथनं, अजून एक. तुम्ही येणार म्हणून त्यांनी भाकरीचं पीठ काढून ठेवलेलं असतंय, आणि तुम्ही कंटाळून मधूनच वडाप, म्हणजे शेअर जीप, पकडून परत गेला तर किमान कळवा तरी. माझ्या माहितीतलं एक घर केवळ याच कारणानं ट्रेकरना ठेवायचं बंद झालं, रात्री दहापर्यंत वाट बघत बसले होते बिचारे.

पैशाचं. माणशी किती हे फोनवरच ठरवा. तिथं गेल्यावर विचारलं की म्हातारा म्हणणार "काय नको, पावणं म्हणून आलासा", आणि मग तुम्ही संकोचून कमी देणार नाहीतर उगाच जास्त. ठरलेले पैसे सकाळी निघताना ज्या बाईनं चुलीपाशी बसून तुमचा स्वयंपाक केला तिच्या हातात द्यायचे. पुरुषाच्या हातात दिले तर ते कुठं जातील ते आपल्याला माहीत नाही, एवढंच बोलतो.

रात्र कशी जाते ते पण सांगतो म्हणजे डोळ्यांपुढं येईल. पुढचा सोपा, म्हणजे ओसरी, शेणानं सारवलेला नाहीतर आता बहुतेक ठिकाणी फरशी, एका बाजूला भाताची पोती, पलीकडं भिंतीआड गोठा, म्हशी रात्रभर साखळी वाजवतात. झोपायला सतरंजी, घोंगडं, जास्तीची वाकळ. जेवायला नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, भात, खर्डा. कोंबडी पाहिजे असेल तर सकाळीच फोन करून सांगायला लागतंय आणि तिचे वेगळे पैसे. नऊला सगळं सामसूम. बूट ओले असतील तर घरची माणसं प्रेमानं चुलीजवळ ठेवतात, ते ठेवू देऊ नका, उष्णतेनं सोल सुटतो आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही स्लीपरवर. जुन्या पेपरचे बोळे करून आत कोंबा, तासाभरानं बदला, सकाळपर्यंत बरंच पाणी ओढून घेतात.

शाळेत आणि देवळात झोपायचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. झेडपीची शाळा मोठ्या ग्रुपसाठी ठीक आहे, पण मुख्याध्यापकांची आणि गावची परवानगी आधी काढावी लागते, आणि शाळा चालू असताना शनिवारची रात्र सोडली तर जमत नाही, कारण सकाळी पोरं यायच्या आत खोली झाडून मोकळी करून द्यावी लागते. देऊळ कुणाला नाही म्हणत नाही, पण गार वारं, उघडी बाजू, आणि आत काय खायचं-प्यायचं याचे गावचे नियम असतात ते पाळायचे. तुमच्यासारख्या दोघांना या दोन्हीची गरज नाही. आणीबाणीला देऊळ आहे एवढं डोक्यात असू दे.

जुलैत जाऊ का? माझं मत, नको. गर्दी आहे म्हणून सोबत मिळेल हे खरं, पण तेव्हा रोपलावण चालू असते, घरातली सगळी माणसं दिवसभर चिखलात, संध्याकाळी थकून आलेल्या बाईला दोन जास्तीच्या माणसांचा स्वयंपाक सांगायचा म्हणजे जीवावर येतं. ओढे अचानक चढतात, पांढरपाणीच्या जंगलात जळवा लागतात, मसाई पठारावर धुकं असं उतरतं की दहा फुटांवरचा माणूस दिसत नाही, आणि पठार मोकळं असल्यामुळं विजेचा धोका वेगळाच. ऑक्टोबर मावळला की वाट कोरडी, ओढ्यांना अजून पाणी, सकाळी गारवा. सुगीची गडबड असते पण संध्याकाळी माणसं घरात असतात आणि बोलायच्या मूडमध्ये असतात.

यालाच जोडून पुढं दाजीपूर-राधानगरीच्या बाजूनं जंगलातनं चार दिवस जाऊ का, असा विचार येईल, येतोच सगळ्यांना. तो सोडून द्या. राधानगरी हे १९५८ पासूनचं अभयारण्य आहे, राज्यातलं पहिलं, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही आणि मन मानेल तिथं पथारी टाकायचा तर प्रश्नच नाही. गवे आहेत, भरपूर आहेत, आणि संध्याकाळी अंधारात वाटेत गवा उभा असला तर रस्ता आपण सोडायचा असतो. चांदोली-कोयनेकडं सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचे नियम आणखी कडक. भुदरगडात पाटगावला राहून रांगणा एका दिवसात करून या, ते छान होतं, पाटगाव मधाचं गाव म्हणून आता बऱ्यापैकी ओळखलं जातंय आणि तिथं घरगुती सोय होते. पण ती एका दिवसाची चाल झाली, तुम्हाला पाहिजे तसली सलग वाट नव्हे.

तुम्हाला पाहिजे तसली वाट खाली कोकणात आहे आणि आपले लोक तिच्याकडं चालायची वाट म्हणून बघतच नाहीत, गाडीनं जाऊन मासे खाऊन येतात. शिरोड्यापासून मालवणपर्यंत किनारा धरून चाला. शिरोडा, मोचेमाड, वेंगुर्ला, खवणे, निवती, भोगवे, देवबाग, तारकर्ली, मालवण. मोठ्या गावांत आणि बहुतेक किनाऱ्यांवर घरगुती राहण्या-जेवणाची सोय, खोलीला जोडून बाथरूम, संध्याकाळी ताजं मासळीचं ताट, आणि हे सगळं फोनवर बुक होतं कारण तिथं वर्षातले आठ-नऊ महिने माणूस येतोय. मी वर म्हटलं ना, सोय माणसाच्या मागनं येते, ते हे. पाच दिवस आरामात जातात, गुडघ्यांना घाट उतरायचा त्रास नाही. कोल्हापूरहून सावंतवाडीला एसटी, तिथनं शिरोड्याला दुसरी, आणि येताना मालवणहून थेट.

अडचणी इथंही आहेत. किनारा सलग नाही, मधे खाड्या आणि खडक. खाडीचं तोंड ओहोटीला गुडघाभर वाटतं आणि भरतीला गळ्यापर्यंत येतं, त्यामुळं स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, दोन किलोमीटर आत जाऊन पुलावरनं या, काय बिघडत नाही. खडकाळ टोकं आली की वाट वर सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, चढते, तिथं सावली नसते. भोगवे आणि देवबागच्या मधे कर्ली नदीची मोठी खाडी आहे, ती होडीनं ओलांडायची, आदल्या रात्री राहत्या घरच्या मालकालाच होडीचं सांगून ठेवा. पावसाळ्यात होड्या बंद असतात म्हणून हे सगळं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वाळूत चालणं रस्त्यापेक्षा निम्म्या वेगानं होतं, तेव्हा दिवसाला १२-१५ किलोमीटरच्या वर धरू नका आणि ओल्या घट्ट वाळूवरनं म्हणजे ओहोटीच्या वेळी चाला. त्यासाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक रोजच्या रोज बघायचं, तिथी माहीत असेल तर कोळी लोक तोंडीच सांगतात.

वारी आणि नर्मदा परिक्रमा यांचंही विचारणार म्हणून दोन ओळी. आळंदी ते पंढरपूर साधारण २५० किलोमीटर, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस असे मुक्काम शेकडो वर्षांत घट्ट बसलेले, आणि दिंडीत नाव घातलं की तुमचा तंबू आणि जेवण ट्रकनं पुढं गेलेलं असतं. राहायच्या सोयीच्या दृष्टीनं बघितलं तर यापेक्षा चोख पद्धत मला जगात कुठं दिसली नाही. नर्मदेकाठी आश्रम, धर्मशाळा, सदावर्त, परिक्रमावासीयाला कुणी उपाशी झोपू देत नाही. पण या दोन्ही ठिकाणची सोय श्रद्धेनं चालणाऱ्या माणसासाठी उभी आहे. श्रद्धा असेल तर जरूर जा. फुकट राहायला मिळतंय म्हणून ट्रेक समजून जाऊ नका, तिथला एक घास तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तोंडचा घेत असता.

आता हिमालय. नेपाळला थेट उडी मारण्याआधी दार्जिलिंगजवळचा संदकफू बघा. मानेभंज्यांगपासून सिंगालीला रांगेवरनं टुमलिंग, कालीपोखरी, संदकफू, पुढं फालुट, रोजच्या टप्प्यावर लॉज किंवा ट्रेकर्स हट, उंची ३,६३६ मीटर, समोर कांचनजंगा आणि आभाळ साफ असेल तर एव्हरेस्टसुद्धा. तंबू लागत नाही. स्थानिक गाईड घ्यावाच लागतो, आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथला सिंगालीला नॅशनल पार्क बंद असतो. लडाखला मारखा खोऱ्यात स्किऊ, मारखा, हंकर या गावांत लोकांच्या घरीच राहतात, आणि बऱ्याच गावांत पाळी लावलेली असते, आज या घराचा नंबर उद्या त्या घराचा, म्हणजे सगळ्यांना पैसे मिळतात आणि ओढाओढी होत नाही. आपल्या पन्हाळ्याच्या वाड्यांवर अशी पाळी लागली तर काय बहार होईल असं मला नेहमी वाटतं, पण त्याला वर्षभर माणूस पाहिजे, परत तोच मुद्दा. हंकरच्या वर निमालिंगला मात्र तंबूतच झोपायचं, ते उभारलेले मिळतात.

नेपाळमध्ये अन्नपूर्णा सर्किट किंवा बेस कॅम्पच्या वाटेवर लॉजची कमी नाही, खोली स्वस्त असते, पण अट अशी की रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता त्याच लॉजमध्ये घ्यायचा, त्यांची खरी कमाई तिथं आहे. खोली इथं आणि जेवण शेजारी असं केलं तर मालकीण बोलून दाखवते, आणि तिचं बरोबर आहे. जसं वर जाल तसं गरम पाणी, मोबाईल चार्जिंग, सगळ्याचे वेगळे पैसे. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सीझनला अन्नपूर्णा बेस कॅम्पला, म्हणजे ४,१३० मीटरवर, लॉज मोजकेच असल्यानं उशिरा पोचणारे डायनिंग हॉलच्या बाकावर झोपतात. एप्रिल २०२३ पासून बहुतेक ट्रेकिंग भागांत गाईड सोबत घ्यायचा नियम झालाय, त्या गाईडचा खरा उपयोग हाच, तो दुपारीच पुढं फोन करून खोली धरून ठेवतो.

आणि इथं मुक्कामाचा हिशोब अंतरानं होत नाही, उंचीनं होतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथंच थांबायचं. दिवसा कितीही वर जाऊन खाली या, झोपताना कुठं आहात ते महत्त्वाचं. म्हणून सर्किटवाले मनांगला, ३,५४० मीटरवर, दोन रात्री काढतात आणि मगच ५,४१६ मीटरच्या थोरांग ला खिंडीकडं सरकतात. पुढचा लॉज दोन तासांवर आहे, अजून पायात दम आहे, चला जाऊया, हा विचार सह्याद्रीत चालतो. तिथं त्यानं माणसं मेलेली आहेत. तुम्ही रंकाळ्याला रोज चालता त्याचा फुप्फुसांना फायदा होईल, पण विरळ हवेची सवय रंकाळा लावत नाही.

युरोपचं थोडक्यात, कारण खर्च आणि व्हिसा दोन्ही मोठे विषय आहेत. दोन वाटा लोकांच्या तोंडी असतात आणि दोघींचा राहायचा कायदा एकदम उलटा आहे. स्पेनमधली कमिनो दे सांतियागो, तिचा फ्रान्सच्या हद्दीतनं निघणारा मुख्य रस्ता जवळपास ७८० किलोमीटरचा, ही जुनी यात्रा आहे, आपल्या वारीसारखीच, आणि दर काही किलोमीटरवर आल्बेर्गे नावाची यात्रेकरूंची वसतिगृहं. यात्रेकरूचा पास काढायचा, मुक्कामाला शिक्का मारून घ्यायचा. सरकारी आल्बेर्गेमध्ये बहुधा आधी बुकिंग नसतं, जो आधी येईल त्याला बेड, एकच रात्र, दहाला दिवे बंद. खाजगी ठिकाणी बुकिंग होतं. शेवटचे १०० किलोमीटर चालले तरी प्रमाणपत्र मिळतं म्हणून सारिया गावापासून पुढं गर्दी उसळते, त्या टप्प्यात आधीच बुक करा. शिवाय शेंगेन व्हिसाला राहायचे कागद दाखवावे लागतात, त्यामुळं "जिथं पोचू तिथं झोपू" हे स्पॅनिश माणसाला जमतं तसं आपल्याला जमत नाही, निदान कागदावर तरी.

दुसरी, मॉन्ट ब्लांकला वळसा घालणारी, सुमारे १७० किलोमीटर, फ्रान्स-इटली-स्वित्झर्लंड तीन देशांतनं, चढ सगळा मिळून १०,००० मीटरच्या आसपास, १०-११ दिवस. तिथले डोंगरातले निवारे साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच उघडे आणि जागा कित्येक महिने आधी संपतात. मधला एक मुक्काम मिळाला नाही तर सगळी साखळी तुटते. तिथं आधी सगळ्यात अवघड मुक्काम बुक करायचा आणि मग त्याच्या पुढचे-मागचे जुळवत यायचं. पहिल्या वेळेला ही वाट तुम्हाला सुचवणार नाही, कमिनो सुचवेन, कारण तिथं एका गावात जागा नाही मिळाली तर पुढचं गाव तास-दीड तासावर असतं आणि वाटेत कॉफी मिळते.

सगळं एकत्र बघितलं तर तुमच्यासाठी क्रम असा लावीन. आधी पन्हाळा-पावनखिंड तीन दिवसांत, कारण घरापासून जवळ, काही फिसकटलं तर वडापनं दोन तासांत घरी. मग किनारा पाच दिवस. हे दोन्ही नीट झाले, दोघांच्या पाठी आणि टाचा काय म्हणतात ते कळलं, की पुढच्या वर्षी संदकफू, आणि मग नेपाळ किंवा कमिनो जे खिशाला बसेल ते. मुक्काम ठरलेला असला की पाठीवर सहा-सात किलोच्या वर काही लागत नाही: दोन जोड कपडे, पातळ चादर, रेनकोट, बॅटरी, औषधं, पाणी. चादर मात्र स्वतःची, लॉज असो, आल्बेर्गे असो नाहीतर वाडीवरचा सोपा, अंथरूण धुतलेलंच असेल असं नाही आणि ढेकूण स्पेनमध्ये पण आहेत.

राहता राहिला दिवाळीचा प्रश्न. त्या आठवड्यात वाड्यांवरची घरं मुंबई-पुण्याहून आलेल्या माणसांनी भरलेली असतात, सोप्यात पाय ठेवायला जागा नसते, आणि किनाऱ्यावर तर सगळा घाटमाथा गाड्या घेऊन उतरलेला असतो, खोलीचे दर दुप्पट. तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे, त्यानंतरचा कुठलाही सोमवार धरा आणि शुक्रवारच्या आत घरी या. पन्हाळ्याच्या बाजूची रेकी मात्र त्याआधीच एखाद्या रविवारी उरकून घ्या, आणि निघताना वहिनींना पण घेऊन जा, कारण परड्यातला संडास बघून हो-नाही त्यांनीच ठरवायचंय.